बालाघाटचा चिखल आणि झोजिलाचा बर्फ : चार चाकांच्या ओढीचा इतिहास

१/
बीड जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तरीही बर्फावर चालणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची भारतातील कहाणी सांगताना बीडपासून आरंभ करण्यास सबळ कारण आहे. १९४८ च्या एकाच शरद ऋतूत, ४५ दिवसांच्या अंतराने, या देशाच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या. पहिलीने बीडचा राजकीय नकाशा बदलला. दुसरीने हिमालयात यंत्रवाहन कोठवर जाऊ शकते याची कल्पना बदलली. हा दीर्घ धागा त्या दुसऱ्या घटनेविषयी, आणि तिच्या आधी व नंतर बर्फावर फिरलेल्या चाकांविषयी आहे.

२/
पहिली घटना सर्वांच्या परिचयाची आहे. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे पुढे सरकली आणि दुसऱ्या बाजूने औरंगाबाद ताब्यात आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा आजही हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. दुसरी घटना १ नोव्हेंबर १९४८ ची. सुमारे ३,५२८ मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत, पडत्या बर्फात, भारतीय रणगाडे चढले. तोवर जगाच्या लष्करी इतिहासात इतक्या उंचीवर रणगाडे लढल्याचे उदाहरण नव्हते.

३/
बर्फावर गाडी कशाच्या बळावर चालते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की झाले. हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर १९४८ च्या झोजिलात, १९४१ च्या रशियात आणि आजच्या लडाखमध्ये सापडते. त्यासाठी आधी चाकाची भौतिकी समजून घ्यावी लागते, आणि ती बीडच्या काळ्या रानात कोणीही पाहू शकतो.

४/
पावसाळ्यात गोदाकाठच्या काळ्या मातीतून बैलगाडी जाते तेव्हा चाक स्वतः काहीच ओढत नाही. ओढतात ते बैल. त्यांचे खूर जमिनीत रुततात, जमीन खुराला आधार देते आणि चाक मागून फक्त फिरत येते. मोटारगाडीत हा व्यवहार उलटा होतो. तेथे चाकालाच जमीन मागे रेटून गाडी पुढे न्यावी लागते. जमिनीने आधार दिला नाही तर चाक जागीच गरगरते. चिखलात हेच होते आणि बर्फावरही हेच होते. बैलाच्या खुरांना पत्र्या मारतात त्याच न्यायाने बर्फाळ प्रदेशात टायरला लोखंडी साखळ्या बांधतात.

५/
साध्या पिकअपमध्ये इंजिनाचा जोर केवळ मागच्या दोन चाकांना मिळतो. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ती जोराची वाटणी करून एक हिस्सा पुढच्या आसाकडे पाठवते. जमिनीला रेटणारी चाके दोनाऐवजी चार होतात आणि प्रत्येक चाकावरचा भार हलका होतो. याच पेटीत बहुधा 'लो' गिअर असतो. त्यात गाडी अतिशय संथ चालते, परंतु चाकावरचा जोर कैक पटींनी वाढतो. हिमालयातील चालकाला वेगापेक्षा हा संथपणा अधिक मोलाचा वाटतो.

६/
ही कल्पना जीपच्या फार आधीची आहे. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये पेट्रोल इंजिनाची, चारही चाकांना जोर देणारी मोटार घडवली. अमेरिकेत विस्कॉन्सिन या हिमाच्छादित राज्यात, क्लिंटनव्हिल गावातील ऑटो झाखोव आणि विल्यम बेसरडिच या दोन यंत्रकारांनी असेच वाहन तयार केले. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात हजारोंच्या संख्येने धावले. तात्पर्य, चार चाकांच्या ओढीला पहिली मोठी मागणी चिखलाने निर्माण केली. बर्फाची पाळी नंतर आली.

७/
१९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढल्या. बँटम या लहानशा कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना सादर केला. पुढे विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी तिचे प्रचंड उत्पादन केले. महायुद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख जीप तयार झाल्या होत्या. आसाम आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्या भारतीय सैनिकांच्याही हाती आल्या. महायुद्ध संपले तेव्हा भारतीय सैन्याकडे या गाड्या होत्या आणि त्या हाकण्यात तरबेज झालेले चालकही होते. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात हाच वारसा उपयोगी पडला.

८/
पिकअपचा वंश जीपहून थोडा निराळा आहे. महायुद्धात डॉज कंपनीने सैन्यासाठी 'डब्ल्यूसी' मालिकेतील फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक बनवले. मागे उघडा हौदा, पुढे जाड आस आणि जमिनीपासून भरपूर उंची अशी त्यांची घडण होती. युद्धानंतर हीच घडण १९४६ मध्ये 'पॉवर वॅगन' या नावाने शेतकऱ्यांसाठी आणि वनकामगारांसाठी बाजारात आली. पुढच्याच वर्षी विलिजनेही आपली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप काढली. आज कांदा, चारा किंवा बालाघाटची सीताफळे भरून बाजाराकडे निघालेली पिकअप आणि लडाखमध्ये रसद नेणारी पिकअप, दोघींचे कूळ असे त्या काळापर्यंत मागे नेता येते.

९/
मात्र बर्फावरच्या वाहतुकीचा त्या युद्धातील सर्वांत मोठा प्रयोग फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय झाला. लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता आणि शहर उपाशी होते. २२ नोव्हेंबर १९४१ रोजी ट्रकांचा पहिला ताफा गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून निघाला. या रस्त्याला लोक 'जीवनमार्ग' म्हणू लागले. त्यावर धावणारे बहुसंख्य ट्रक 'गाझ-एए' जातीचे, दीड टन वाहणारे आणि केवळ मागच्या चाकांवर चालणारे होते. शहराच्या भाकरीचा भार त्या दोन चाकांवर होता.

१०/
लाडोगाचे चालक दार उघडे ठेवून गाडी हाकत, कारण बर्फ फुटला तर उडी मारण्यास क्षणभराचाच अवधी मिळे. विशिष्ट वेगाने जाणाऱ्या ट्रकमुळे बर्फाखालच्या पाण्यात लाटा उठतात आणि त्या लाटा बर्फाचा थर फोडतात, हे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तेथेच मोजमाप करून दाखवले. त्यानुसार वेग आणि दोन गाड्यांमधील अंतर यांचे नियम ठरले. या मार्गाचे यश बर्फाची जाडी मोजणारे, भेगा शोधणारे, हिम बाजूला सारणारे आणि वाटेत झेंडे व दिवे घेऊन थिजत उभे राहणारे स्त्रीपुरुष यांच्यामुळे शक्य झाले. हा धडा झोजिलाला जाताना सोबत ठेवावा.

११/
आता मुंबई. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद हे तिचे संस्थापक. १९४७ मध्ये विलिज जीपचे सुटे भाग आयात करून जोडणी करण्याचा उद्योग सुरू झाला. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलले. ज्या वर्षी दोन्ही देशांची सैन्ये काश्मीरच्या वाटांवर समोरासमोर उभी होती, त्याच वर्षी एका जीप कंपनीच्या नावातूनही फाळणी झाली होती.

१२/
झोजिला ही काश्मीर खोरे आणि लडाख यांना जोडणारी खिंड. सोनमर्गच्या पुढे बालटालपासून एकदम उभी चढण लागते आणि वर गेल्यावर द्रास, कारगिल आणि लेहकडे वाट उघडते. हिवाळ्यात येथे हिमाचे प्रचंड थर साचतात आणि हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी १९४८ मध्ये पृथी चंद या डोगरा अधिकाऱ्याने लाहौली स्वयंसेवकांची लहान तुकडी घेऊन ही खिंड भर हिवाळ्यात पायी ओलांडली आणि मार्चमध्ये लेह गाठले. सोबत होती ती लेहच्या रक्षणासाठी शस्त्रे. यंत्रवाहनाचा प्रश्नच नव्हता, कारण वर जाण्यास खेचरांची पाऊलवाट तेवढी होती.

१३/
१९४८ च्या उन्हाळ्यात कारगिल आणि द्रास प्रतिपक्षाच्या हाती गेले. स्कर्दूच्या किल्ल्यातील शिबंदीने महिनोन्महिने झुंज दिली, अखेर ऑगस्टमध्ये तीही पडली. लेहचा जमिनीवरून काश्मीरशी असलेला संबंध तुटला. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवले होते. विमानात मेजर जनरल के. एस. थिमय्या होते. हवाईमार्गाने कुमक जाऊ लागली, तरी विमानांवर संपूर्ण लडाखचा हिवाळा निघणे कठीण होते. बर्फ खिंड बंद करण्यापूर्वी झोजिला घ्यावाच लागणार होता.

१४/
सप्टेंबरमध्ये, म्हणजे इकडे मराठवाड्यात पोलीस कारवाई होत असतानाच, ७७ पॅरा ब्रिगेडने खिंडीवर चढाई केली. कड्यांवरच्या बंकरमधून होणाऱ्या माऱ्यापुढे ती यशस्वी झाली नाही. उघड्या चढणीवर पायदळाला आडोसा नव्हता आणि दगडी बंकर तोफांना दाद देत नव्हते. तेव्हा थिमय्यांनी रणगाडे वर नेण्याचा मार्ग निवडला. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे यासाठी ठरले. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, ज्यांना सैन्यात 'स्पॅरो' म्हणत, त्यांच्याकडे या रेजिमेंटचे नेतृत्व होते. योजना धाडसी होती, पण तिच्यात एक मूलभूत उणीव होती : रणगाड्यासाठी रस्ताच नव्हता.

१५/
येथे या कथेचे खरे नायक पुढे येतात. मेजर थंगराजू यांच्या नेतृत्वाखाली मद्रास सॅपर्सच्या कंपन्यांनी बालटालपासून खिंडीपर्यंतची खेचरवाट रुंद करण्यास घेतली. खडक सुरुंगाने फोडायचा, वळणे उकरायची, दरीच्या बाजूला दगड रचून भराव टाकायचा, आणि हे सारे शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात, विरळ हवेत आणि वाढत्या थंडीत करायचे. त्यांनी काही आठवड्यांत जीप आणि रणगाडे जाऊ शकतील असा मार्ग तयार केला. ऑक्टोबर अर्धा सरला तेव्हा खिंडीची वाट यंत्रवाहनासाठी खुली होती.

१६/
दरम्यान रणगाडे जम्मूकडून बनिहाल घाट चढून काश्मीर खोऱ्यात आले. तेव्हा जवाहर बोगदा नव्हता, गाड्या घाटमाथ्यावरूनच जात. वाटेतले पूल इतके वजन पेलण्याजोगे नव्हते, म्हणून रणगाड्यांचे टरेट, म्हणजे वरचा फिरता मनोरा, काढून वेगळे वाहून नेले. हालचाल शक्य तितकी गुप्त ठेवण्यात आली. बालटालला पोहोचल्यावर ते पुन्हा जोडले गेले. हल्ल्याचा दिवस आधी २० ऑक्टोबर ठरला होता. हवामान बिघडले, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. प्रत्येक दिवसागणिक बर्फ वाढत होता आणि हिवाळ्यापूर्वीची मुदत आटत होती.

१७/
१ नोव्हेंबर १९४८. बर्फ पडत असतानाच रणगाडे सॅपर्सच्या वाटेने वर निघाले. सर्वांत पुढच्या रणगाड्यात डिव्हिजनचे प्रमुख थिमय्या स्वतः होते. बर्फावर लोखंडी पट्टे घसरू शकत होते आणि एका बाजूला दरी होती. रणगाडे खिंडीच्या तोंडाशी येऊन बंकरवर मारा करू लागले तेव्हा प्रतिपक्षाला धक्का बसला, कारण एवढ्या उंचीवर रणगाडा येईल अशी त्यांनी कल्पनाच केली नव्हती. पायदळ मागोमाग पुढे गेले आणि त्याच दिवशी खिंड हाती आली. नोव्हेंबरच्या मध्यास द्रास आणि महिनाअखेरीपूर्वी कारगिल मिळाले. लेहची वाट मोकळी झाली.

१८/
या मोहिमेला 'ऑपरेशन बायसन' असे नाव होते. तिची आठवण बहुधा 'रणगाड्यांचा पराक्रम' म्हणून सांगितली जाते आणि ते चूक नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारखांचा क्रम पाहावा. सप्टेंबरमध्ये तेच पायदळ, तीच खिंड, तोच शत्रू होता आणि चढाई फसली. नोव्हेंबरमध्ये यश आले तेव्हा मधल्या काळात दोन गोष्टींची भर पडली होती : रणगाडे आणि रस्ता. यांपैकी रस्ता नसता तर रणगाडे बालटालला उभे राहिले असते. लाडोगावर जे दिसले तेच येथेही दिसते. बर्फावर चाक असो वा पट्टा, आधी कोणीतरी त्याच्यासाठी जमीन तयार केलेली असते.

१९/
पुढच्या दशकांत हे काम संस्थेच्या रूपाने उभे राहिले. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली. काश्मीरकडील रस्ते तिच्या 'बीकन' प्रकल्पाकडे आले, तर १९८५ मध्ये लडाखसाठी 'हिमांक' प्रकल्प सुरू झाला. वाहनेही देशात बनू लागली. १९५९ पासून जबलपूरला जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. पुढे जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याने एकटनी ट्रक आणि जोंगा ही गाडी तेथेच बनू लागली. ही सर्व चारही चाकांना जोर देणारी वाहने होती. लडाखमध्ये सेवा केलेल्या जुन्या सैनिकांच्या आठवणींत जोंगाचे नाव हमखास येते.

२०/
बीडच्या सीमेला लागून असलेल्या अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. फाळणीपूर्वी लष्करी वाहनांची चाचणी करणारी संस्था रावळपिंडीजवळ चकलाला येथे होती. फाळणीनंतर ते काम अहमदनगरला आले आणि त्यातूनच आजची वाहन संशोधन व विकास संस्था घडली. १९४८ मध्येच चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही या शहरात आकाराला आले. आष्टी तालुक्याच्या पलीकडे, जेथे बर्फाचा कणही पडत नाही अशा दख्खनच्या पठारावर, देशाची लष्करी वाहने तपासली जातात आणि ती हाकणारी माणसे तयार होतात.

२१/
आता चालकाच्या हाती काय असते ते पाहू. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आणि जमीन यांच्यातील घर्षणांक ढोबळमानाने ०.७ असतो. दाबलेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहून खाली. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. हिमावर तिला ३० मीटरहून अधिक अंतर लागते, तर बर्फावर ६० मीटरपेक्षा जास्त. आणि येथेच फोर-व्हील-ड्राइव्हची मर्यादा उघड होते. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. चार चाकांची ओढ गाडीला निघण्यास आणि चढण्यास मदत करते, थांबण्यास काहीही मदत करत नाही.

२२/
म्हणूनच जाणता चालक उतारावर ब्रेकवर पाय दाबत नाही. तो आधीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या अडवणुकीवर गाडी उतरवतो. चढणीवर तो मध्येच थांबत नाही, कारण थांबलेले चाक पुन्हा फिरवताना घसरते. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांपैकी कशालाही हिसका देत नाही. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर राखतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून हौद्यात मागच्या आसावर वजन ठेवतो. आणि साखळ्या चढण लागण्यापूर्वीच बांधतो, अडकल्यावर नव्हे. टायरच्या साखळीचे पेटंट अमेरिकेतील हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये मिळवले. सव्वाशे वर्षे होत आली, तरी गुळगुळीत बर्फावर तिला तोडीस तोड पर्याय क्वचितच सापडतो.

२३/
सर्वांत धोक्याचा बर्फ सर्वांत थंड वेळी नसतो. शून्याच्या आसपास, पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असताना, बर्फ अधिक निसरडा होतो. उणे २० अंशांवर तोच बर्फ तुलनेने कोरडा आणि खरखरीत असतो. दुपारच्या उन्हात हिम वितळते, पाणी रस्त्यावर पसरते आणि सायंकाळी त्याचा पारदर्शक थर गोठतो. खालचे काळे डांबर त्यातून दिसत राहते, त्यामुळे रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. आधीच्या गाड्यांनी पाडलेली चाकोरीही रात्री दगडासारखी घट्ट होते. मराठीत चाकोरी सोडणे हे धाडसाचे लक्षण मानतात. गोठलेल्या घाटात चाकोरीतून एकदम बाहेर पडणारे चाक गाडीला दरीकडे नेऊ शकते.

२४/
थंडी यंत्रालाही गाठते. झोजिलाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, म्हणून टर्बोविना चालणारे इंजिन तितक्या प्रमाणात दुबळे होते. बॅटरीची ताकद घटते. साध्या डिझेलमधील मेण गोठून इंधनाची नळी आणि फिल्टर तुंबतात. डिझेल वाहते ठेवण्यासाठी टाकीखाली जाळ करण्याचा जोखमीचा उपाय चालकांनी वर्षानुवर्षे केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी विशेष हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हे इंधन उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. त्या प्रदेशातील हिवाळी वाहतुकीत हा बदल नव्या गाडीइतकाच महत्त्वाचा ठरावा.

२५/
उरते ती माणसांची बाजू. लडाखचे रस्ते खोदणाऱ्या आणि हिम उपसणाऱ्या मजुरांत झारखंडच्या दुमका भागातील, संथाळ परगण्यातील, माणसे मोठ्या संख्येने असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ती हिमालयात जातात आणि हिवाळ्यापूर्वी गावी परततात. बीडच्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी हजारो कुटुंबे याच जिल्ह्यातून निघतात. एकाच्या कोयत्यावर साखर उभी आहे, दुसऱ्याच्या पहारीवर सीमेचा रस्ता. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र कारखान्याचे आणि रणगाड्याचे नाव राहते, या माणसांचे बहुधा राहत नाही.

२६/
झोजिलाखाली आज १३ किलोमीटरहून लांब बोगद्याचे काम चालू आहे. तो पूर्ण झाला की हिवाळ्यातही लडाखची वाट खुली राहील आणि खिंडीवरचा तो चढ हळूहळू आठवणीत जमा होईल. तोपर्यंत समाजमाध्यमांवर बर्फातून वाट काढणाऱ्या पिकअपची चित्रफीत दिसली, तर चाकांबरोबर चाकांखालीही पाहावे. तो रस्ता कोणी आखला, कोणी फोडला आणि आज पहाटे त्यावरचे हिम कोणी उपसले, हे प्रश्न विचारावेत. १ नोव्हेंबर १९४८ चे उत्तर तरी आपल्याला ठाऊक आहे : मद्रास सॅपर्सचे जवान, आणि त्यांच्या हातातल्या पहारी.

(धागा समाप्त)